अक्काची केळवणं

समोर मी तिला ‘अक्का’ आणि ‘तुम्ही’ म्हणत असे, कारण ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लिहिताना मात्र मी तिला ‘ती’च म्हणणार आहे. इतकी वर्षं जीभ चावून काढली, आता एवढी मोकळीक मला पाहिजे.

नाव कस्तुरा. मी सांगते आहे त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, वय त्रेचाळीस, वजन एकशे एकतीस किलो आणि लग्न झालेलं नाही. बेंगळूरला आमच्या इंदिरानगरातल्याच एका मुलींच्या शाळेत हेडक्लार्क. राहायला आमच्याकडे, म्हणजे तिच्या भावाकडे, म्हणजे खरं तर तिच्याच वडिलांनी बांधलेल्या घरात. हे शेवटचं तिने मला एकदाही ऐकवलं नाही. न ऐकवता ते मला रोज ऐकू यायचं, आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढायची.

मी मथुरा, माहेर कोल्हापूर. लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा या लोकांचं मराठी ऐकून मला वाटलं, आपली चेष्टा चाललीय. दर वाक्यात एक ‘सरी’, म्हणजे ठीक, नाहीतर एक ‘स्वल्प’. भाजीत स्वल्प मीठ घाल, स्वल्प थांब, स्वल्प सरकून बस. आणि ऐट केवढी! आम्ही राजांच्या फौजेबरोबर इकडे आलेले, आमच्या खापरपणजोबांना जहागीर होती, आणि पुरावा काय तर दिवाणखान्यातली गंजकी तलवार. फौज परत गेली आणि हे तीनशे वर्षं इथेच का राहिले, ते मला यांची ताटं पाहिल्यावर समजलं. मटणाचा पुलाव, खिम्याचे गोळे, एवढं झाल्यावर इथल्या पद्धतीची चिरोटी आणि तिच्यावर ओतलेलं बदामाचं दूध. लढाया कधी केल्या असतील कोण जाणे. जेवायला मात्र एकेक जण मुलूख मारायला निघाल्यासारखा बसतो.

अक्का अधाशासारखी खायची नाही. तसं खाल्लं असतं तर निदान सरळ किळस तरी आली असती. ती खाली मान घालून, अगदी शांतपणे, वाढणाऱ्याचं मन मोडू नये अशा बेताने खायची. ‘अजून एक’ म्हणून कुणी पुढे झालं की बाकीचे हात आडवा करायचे. हिचा हात जागचा हलायचा नाही. मग वाढणारी बाई खूश, आणि तेवढ्यावर अक्काही खूश. ‘गुणाची आहे हो कस्तुरा’ असं लोक म्हणायचे आणि तिची पाठ वळली की गाल फुगवून तिच्या चालण्याची नक्कल करायचे. नक्कल मीही करायची. माझी सगळ्यांत चांगली व्हायची.

नात्यातल्या वीस-बावीस मुलींच्या लग्नात हिने चिरोट्या लाटल्या होत्या. लग्नाआधी मुलीला घरोघर केळवणाला बोलावतात, तिथेही आदल्या दिवसापासून जाऊन ही पोळपाटाशी. हिचं स्वतःचं केळवण कुणी केलं नव्हतं, कारण लग्नच ठरलं नाही. तीन स्थळं येऊन गेली. तिन्ही चहा पिऊन गेली.

सगळी गोष्ट सुरू झाली ती तिच्या झोपेपासून. ती कुठेही झोपायची. देवळात कीर्तन ऐकताना, बसमध्ये उभ्या उभ्या, जेवताना दोन घासांच्या मध्ये. शाळेत तपासणीला साहेब आले तेव्हा ही हजेरीपटावर पेन टेकवून झोपली होती, आणि शाईची रेघ सतरा शिक्षकांच्या नावांवरून आडवी गेली होती. मुख्याध्यापिकेने तिला डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरीणबाईंनी घरच्या कुणाला तरी घेऊन या म्हणून सांगितलं, तेव्हा हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

“या घोरतात का?” त्यांनी मला विचारलं.

“भिंत हादरते,” मी म्हटलं.

“मध्येच थांबतं का घोरणं?”

थांबायचं. मधली भिंत एकच, त्यामुळे मला चांगलं ठाऊक होतं. घोरणं थांबलं की मला हायसं वाटायचं, आता डोळा लागेल म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा श्वास बंद पडलेला असतो. चरबीने गळा दबतो. असं वजन राहिलं तर एखाद्या रात्री तो सुरू व्हायचा नाही. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. बाहेर येईपर्यंत ते गेलंही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी स्वयंपाकघरात डोशाचं पीठ कालवत होते. अक्का दारात येऊन उभी राहिली. ती दारात उभी राहिली की स्वयंपाकघरात अंधार व्हायचा.

“मथुरा, मी पोट कापून घेणार.”

“कुणाचं?” मी विचारलं.

ती हसली नाही. पेपरातलं कात्रण तिने ओट्यावर ठेवलं. इंग्लंडात राहणारा एक सर्जन, मूळचा चिकमगळूरकडचा, दर वर्षी दोन महिने बेंगळूरला येऊन एका नर्सिंग होममध्ये ही ऑपरेशनं करतो. पोटाला पिना मारून वरच्या बाजूला लहानशी पिशवी करतात. मग माणूस दोन-चार घासांत भरतो आणि वजन उतरतं. तिने शाळेतून फोन लावून वेळही घेतली होती. मला न विचारता तिने केलेलं हे पहिलं काम असेल.

“अहो अक्का, तोंड बंद ठेवलं तरी तेच होतं. त्याला सर्जन कशाला?”

“तोंड बंद ठेवून पंचवीस वर्षं पाहिलं की मी. नाही होत.” मग ती अगदी सहज, दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली, “मला मरायचं नाही ग.”

मरायचं कुणाला असतं? मी पीठ झाकून ठेवलं. माझ्या मनात आलं ते स्वच्छ सांगते: एवढा खटाटोप जगण्यासाठी, आणि जगून करायचं काय, तर चिरोट्या लाटायच्या.

जयसिंगराव म्हणजे माझे यजमान, के. आर. पुरमच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात फोरमन. घरात काहीही घडलं तरी त्यांचा पेपर खाली येत नसे. पेपरामागून आवाज आला, “अक्का म्हणते तर सरी. तू जा तिच्याबरोबर. तू बी. ए. आहेस.” झालं. या घराण्याने एवढ्या शब्दांत माझं शिक्षण कामाला लावलं.

सर्जन पन्नाशीचा, बारीक, घाईत असलेला माणूस होता. अक्काशी तो कन्नडमध्ये बोलला आणि माझ्याशी इंग्रजीत. त्याने तिला तपासलं, पोटाचा फोटो पाहिला आणि म्हणाला, लिव्हर चरबीने एवढं वाढलंय की पोट उघडलं तरी हात घालायला जागा नाही. सहा आठवडे देतो. तेवढ्यात दहा किलो उतरवा, लिव्हर आपोआप लहान होईल. डिसेंबरच्या वीस तारखेला वजन करू. एकशे एकवीस भरलं तर बावीसला ऑपरेशन. नाही भरलं तर मी हात लावणार नाही, कारण टेबलावर माणूस गेलेला मला चालत नाही. आणि चोवीसला मी परत जातो.

मग तो माझ्याकडे वळला. “यांना एकटीला हे जमणार नाही. आपल्याकडे लोक माणसाला खायला घालून मारतात. घरातल्या आणि नात्यातल्या प्रत्येकाला तुम्ही जाऊन सांगायचं, सहा आठवडे हिला कुणी काही वाढायचं नाही. ही तुमची जबाबदारी.”

मी “येस डॉक्टर” म्हटलं.

आहाराचं सांगायला तिथे पवित्रा नावाची एक मुलगी होती. निपाणीकडची, चोवीस-पंचवीसची, काटकुळी. आम्ही मराठी बोलतोय म्हटल्यावर ती खुलली. “अक्का, ह्यो कागद फ्रिजवर लावायचा. सकाळी एक इडली, दुपारी वाटीभर भाजी, रात्री पातळ सार. भात न्हाई, गोड न्हाई, तळल्यालं न्हाई. आन् घास वीस वेळा चावायचा. आत्तापास्नं सवय लावून घ्या, नंतर पोट इवलंसं हुतंय.” तिने अंगठा आणि पहिलं बोट जोडून पोटाचं माप दाखवलं. अक्कानेही लहान मुलीसारखं तसंच बोट जोडून पाहिलं.

तयारी तिने कशी केली म्हणता! सार प्यायला औषधाचा मापाचा पेला आणला. जेवायला बाळाचा चमचा. वीस वेळा चावताना ओठ हलवत आकडे मोजायची, आणि तेरा-चौदावर आली की डोळे मिटायची. श्वासाच्या व्यायामाचं एक यंत्र नर्सिंग होममधून दिलं होतं, प्लॅस्टिकच्या तीन नळ्या आणि त्यांत तीन चेंडू. श्वास ओढला की चेंडू वर जायला पाहिजेत. पहिल्या दिवशी हिचा एकही चेंडू जागचा हलला नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन वर जायला लागले तेव्हा तिने मला हाक मारून दाखवले. मी म्हटलं, “छान,” आणि भांडी घासायला गेले. ऑपरेशननंतर घालायला पुढून बटणांचे दोन गाऊन शिवून घेतले. शाळेतल्या कपाटांच्या किल्ल्यांना नावांच्या चिठ्ठ्या बांधल्या. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या, आधी चार, मग दहा, मग वीस. खालच्या खोलीत बसून मी त्या मोजायची, कुठे चुकते ते पाहायला.

घरचा काटा एकशे वीसच्या पुढे जात नव्हता. म्हणून दर गुरुवारी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन तांदळाची पोती तोलायच्या काट्यावर उभी राहायची. एका हाताने पदर आवरायचा, दुसऱ्या हाताने खांब धरायचा आणि मग लक्षात येऊन खांब सोडायचा. मला सोबत नेई. मला शरमेने मेल्यासारखं व्हायचं आणि आतून मजाही वाटायची. दुसऱ्या गुरुवारी दुकानदार वाकून आकडा वाचत म्हणाला, “स्वल्प कमी आगिदे अक्का!” एकशे साडेसत्तावीस. म्हणजे साडेतीन किलो उतरलं होतं. अक्काने काट्यावरूनच त्याला हात जोडले.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला राग आला. का आला ते तेव्हा मी पाहिलं नाही.

आणि मग अंबुबाई आत्या आल्या. माझ्या सासऱ्यांच्या बहीण, वय सत्तर, सगळ्या समाजाचं आकाशवाणी केंद्र. त्यांना ऑपरेशनचं कळलं होतं. दहा किलोंचं कळलं नव्हतं, कारण ते सांगायचं काम माझं होतं आणि मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आत्यांनी अक्काच्या तोंडावरून हात फिरवला. “अय्यो, माझी पोर! आता जन्मात कधी पोटभर ऊटा करायची नाही म्हणे! असं कसं? लग्नाचं केळवण तर राहिलंच तुझं. ऑपरेशनाचं तरी करते मी.”

मला वाटलं, म्हातारीची गंमत. पण या लोकांना गंमत कळत असती तर आणखी काय हवं होतं! पुढच्या रविवारी आत्यांच्या घरी खरोखर केळवण झालं. अक्काला खाली बसता येत नाही म्हणून खुर्ची मांडली, पायांखाली पाट, आणि खुर्चीच्या चार पायांभोवती रांगोळी. समया लावल्या. पाच बायकांनी ओवाळलं. लग्न न झालेलीची ओटी भरायची की नाही यावर आत दहा मिनिटं खल झाला आणि शेवटी नारळ आणि खण हातात द्यायचा ठरला. अक्का मोरपिशी साडी नेसून त्या खुर्चीवर बसली होती. त्रेचाळीस वर्षांची, एकशे सत्तावीस किलोंची घोडनवरी. ओवाळताना तिने डोळे खाली घातले तेव्हा मला पदर तोंडाला लावून बाहेर जावं लागलं, इतकं हसू आलं.

पहिली चिरोटी वाढली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दुसऱ्या पंक्तीकडे वळले. तिने खाल्ली. दुसरीही खाल्ली.

एका घरी झालं म्हटल्यावर बाकीच्यांना गप्प बसवणार कोण? आत्यांनी चिरोटी केली म्हणून विठाबाईंनी होळगे, म्हणजे पुरणपोळ्या, आणि मटण केलं. विठाबाईंनी साडी दिली म्हणून तिसऱ्या घरी साडी आणि चांदीची वाटी. पुढे तर लोक तारखांसाठी भांडायला लागले. जी माणसं हिला लग्नकार्यात मागच्या दाराने स्वयंपाकघरात घ्यायची, ती आता रिक्षा पाठवून पुढच्या दाराने आणायला लागली. पोटाला पिना मारायच्या आहेत म्हणून आधी पोट फुटेस्तोवर भरायचं, हा शहाणपणा जगात फक्त यांनाच सुचावा. एकालाही वाटलं नाही की बाबा, डॉक्टर काही पथ्य बोलला असेल, एकदा विचारावं. जेवण घालताना यांना प्रश्न पडतच नाहीत.

दुसऱ्या केळवणावरून आम्ही रिक्षाने परत येत होतो. अक्काच्या मांडीवर नारळ आणि खण. मग म्हणाली, “मथुरा, तू सांग ना सगळ्यांना. डॉक्टरांनी तुला सांगितलंय.”

“तुमचं तोंड आहे की. तुम्हीच सांगा.”

“मी नको म्हटलं तर अन्नाला नको म्हटल्यासारखं होईल ग. त्या सगळ्या एवढ्या हौसेने… आणि खरं सांगू? मला हे मोडवतही नाही. कधी कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी. तू सांगितलंस तर डॉक्टरांचं सांगणं होईल, कुणाला वाईट वाटायचं नाही.” आणि पुढे म्हणाली, “मलाही वाटायचं नाही.”

मी म्हटलं, “सांगते.”

सांगायला काय लागत होतं? अंबुबाई आत्यांना एक फोन. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं. फोन समोरच्या खोलीतच होता, आणि मी दिवसातून दहा वेळा त्याच्यावरची धूळ पुसायची. मी केला नाही. आज विसरले म्हणायला जागा ठेवत नाही, मी विसरले नव्हते. मला पाहायचं होतं. अठरा वर्षं मी या घरात ‘कस्तुरा किती गुणाची’ ऐकत होते. ही आता बारीकही होणार, कौतुकही घेणार, आणि मी मात्र तिच्यामागे पिशवी धरून चालणार. होऊ दे एकदा फजिती, असं मला वाटलं. तिला आवरता येत नाही हे एकदा काट्यावर दिसू दे.

सहा केळवणं झाली. मधल्या दिवसांत ती जवळजवळ उपाशी राहायची. सार प्यायची, गच्चीवर तीस-तीस फेऱ्या घालायची, चेंडू वर ओढायची. बुधवारपर्यंत किलोभर उतरायची आणि शनिवार-रविवारी दीड चढायची. काट्यावर उभी राहिली की दुकानदार आता काही बोलत नव्हता, नुसता आकडा सांगायचा. दर वेळी ती माझ्याकडे पाहायची. “सांगितलंस का ग?” असं तिने पुन्हा एकदाच विचारलं. मी म्हटलं, “सांगितलंय हो, पण ऐकतात कुठे.” तेव्हापासून तिने विचारलं नाही.

वीस तारखेला सकाळी आम्ही नर्सिंग होममध्ये गेलो. तिने पुढून बटणांचे गाऊन, टॉवेल आणि चेंडूंचं यंत्र असं सगळं पिशवीत भरून आणलं होतं. वजन भरलंच तर तिथूनच दाखल होता यावं म्हणून. पवित्राने तिला काट्यावर उभं केलं, खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. “अक्का, चपला काढल्या न्हवं?” चपला काढलेल्या होत्या. एकशे तीस.

सर्जनने पोटाचा नवा फोटो उजेडाला धरला. लिव्हर होतं तेवढंच. त्याचा आवाज चढला नाही, पण तो माझ्याकडे पाहून इंग्रजीत म्हणाला, “मी तुम्हाला काय सांगितलं होतं? या बाईला झोपेत मृत्यू येऊ शकतो हे तुम्हाला ठाऊक आहे. घरोघर जाऊन सांगितलं होतं का तुम्ही?”

बी. ए.च्या इंग्रजीतला एक शब्द मला सापडेना. पवित्रा हातातला कागद घेऊन माझ्याकडेच पाहत होती. तिला मराठी येत होतं, आणि रिक्षातलं, फोनचं, सगळं हिच्यासमोर आता अक्का बाहेर काढणार, असं मला वाटलं.

अक्का कन्नडमध्ये बोलली. सावकाश, शाळेतल्या साहेबांपुढे बोलावं तशी. “तिने सांगितलं होतं डॉक्टर. एकेका घरी जाऊन सांगितलं, हात जोडून. दोष तिचा नाही. मीच खाल्लं.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोर टेबलावरच्या तिच्या फायलीकडे पाहत होती.

डॉक्टर माझ्याकडे वळला. मी मान डोलावली.

त्याने फायलीवर दोन ओळी लिहिल्या, पुढच्या वर्षी आलो तर पाहू म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला लावलं. बाहेर पडताना पवित्राने अक्काच्या हातातली पिशवी घेतली आणि रिक्षापर्यंत आणून दिली. माझ्याशी ती बोलली नाही. रिक्षात मी अक्काला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तिचा डोळा लागला होता. तिचा श्वास चालू आहे की नाही, ते मी घरापर्यंत पाहत आले.

घरी पोचतो न पोचतो तोच फोन सुरू झाले. पहिला अंबुबाई आत्यांचा. तारीख मिळाली का? मी म्हटलं, “नाही म्हणाले. वजन उतरलं नाही. अक्कांना तोंड आवरलं नाही आत्या, आपण तरी काय करणार?” मग आत्या म्हणाल्या, “डॉक्टरांचं पथ्य होतं होय ग? आम्हाला कुणी बोललं असतं तर मी तिला नुसतं ताक दिलं असतं.” मी म्हटलं, “अक्कांनी सांगायला नको का?” अक्का त्याच खोलीत खुर्चीवर बसून अवरेकाई, म्हणजे इथले वाल, सोलत होती. तिने ऐकलं असणार, दोघींमध्ये पाच फुटांचं अंतर होतं. तिने शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले आणि पुढची घेतली. त्या दिवशी आणखी सहा फोन आले. सगळ्यांना मी तेच सांगितलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा सोपं गेलं.

पुढच्या वर्षी सर्जन आला नाही. त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, शाळेची वेळ झाली तरी अक्का उठली नाही. रात्री पलीकडचं घोरणं थांबलेलं मी ऐकलं होतं. मी उठून बसले होते, आणि ते पुन्हा सुरू होईल म्हणून आडवी झाले होते.

बाराव्याला घर भरून गेलं. ज्यांनी ज्यांनी खुर्चीभोवती रांगोळ्या काढल्या होत्या, ते सगळे आले. तिला आवडायचं म्हणून चिरोटी केली होती, आणि पंक्तीत मी वाढत होते. अंबुबाई आत्यांनी डोळे पुसले. “सोन्यासारखी पोर. पण तोंड आवरलं नाही बिचारीला,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या पंगतीने मान हलवली. सव्वा वर्षात ते वाक्य समाजात घरोघर पोचलं होतं, मी फोनवर बोलले होते अगदी तसंच्या तसं. मला वाटलं, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगून टाकावं. आत्यांनी ताट थोडं पुढे केलं आणि मी त्यांना अजून एक चिरोटी वाढली.